सदतीस अंश

फ्रँक कसा उलटायचा, ते आधी सांगते.
डावी आणि उजवी कड चिमटीत धरायची,
वरचा काठ खाली जाऊ द्यायचा,
भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटतो तसा.
पलीकडची डहाळी सरळ उभी दिसली
तर नाणं शहाणं.

कास्तेरा आधी कॉफीचा कप बाजूला सारतो,
मग शाळेतला प्लास्टिकचा कोनमापक काढतो.
त्याच्यावर अजून कुणा पोराचं नाव कोरलेलं आहे.
रविवार, सॅं-मिशेलचा चौक,
नदीकडून येणारा वारा,
टेबलावरचं कापड चार चिमट्यांनी आवळलेलं.
पंधरा अंशांच्या आतलं तो धरतच नाही.
"तेवढी तर माझी मानही वाकडी आहे," म्हणतो.

आज त्याच्याकडे एक फ्रँक आहे, शहात्तर सालचा.
छाप्यावर पेरणारी बाई, नेहमीचीच,
खांद्याला झोळी, टोपीखालून उडणारे केस.
मी उलटला.
काट्यावरची ऑलिव्हची डहाळी
उजवीकडे कलंडलेली,
जणू धातूच्या आरपार
त्या बाईचाच वारा लागलाय तिला.
सदतीस अंश. साठ युरो.

काटा सरकतो तो घड्याळात.
इथेही तसंच झालं असणार:
एका साच्याचा स्क्रू ढिला,
ठोक्यागणिक केसभर, केसभर,
आणि पेटीत कोसळणाऱ्या नाण्यांच्या आवाजात
कुणाला काय ऐकू येणार?
दोन्ही साचे जन्मभर समोरासमोर,
पण मध्ये कायम एक कोरी चकती.
ती एखाद्या ठोक्याला चुकली
की दोघांच्याही तोंडावर ओरखडे.

पेसाकच्या टांकसाळीत साचे बसवायचं काम बाबांचं.
एद्मों लाबार्थ, रात्रपाळी.
आई दिवसपाळीला, मोजणी खात्यात.
मधली चकती मी.

शहात्तरच्या मार्चात बाबांचा तीन दिवसांचा पगार कापला.
"आपलाच स्क्रू ढिला,
मग मुकादमाला काय बोलायचं," आई म्हणाली.
मी दहा वर्षांची. मला ते खरंच वाटलं;
कितीतरी दिवस जेवताना मी
त्यांच्या कानामागे बघायचे.

मग युरो आला.
युरो पुस्तकाच्या पानासारखा उलटायचा, आडवा.
बाबा तेव्हा निवृत्त, हातात काठी.
बेकरीत मिळालेली मोड त्यांनी
काउंटरवर एकेक करून कॅलेंडरसारखी उलटली.
दोन युरो, एक युरो, वीस सेंट,
सगळे डोक्यावर उभे.

"मादाम, ही सगळी चुकलेली आहेत.
एकशे ऐंशी अंश. परत पाठवा."

मागे रांग. गरम पावाचा वास.
कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.
घरी येताना मी समजावलं:
चूक नाही बाबा, आता तसंच ठरलंय,
एवढ्या सगळ्या देशांनी मिळून.
तुमच्या फ्रँकात जे सरळ होतं
ते यांच्यात उलटं.

"ठरलंय," ते म्हणाले.
पुलापर्यंत काही बोलले नाहीत.
मग काठी थांबवून,
"हं. मग माझे ते तीन दिवस?"

हे नाणं त्यांच्याच रात्रीचं, असं मी म्हणत नाही.
शहात्तरमध्ये स्क्रू पुष्कळ होते, माणसंही.
कास्तेराला यातलं काही सांगितलंही नाही,
नाहीतर त्याने सत्तर मागितले असते.

साठ मोजून दिले.
फ्रँक डोळ्यांसमोर धरला
आणि डहाळी सरळ दिसेपर्यंत
मान वाकवत गेले.
घंटेचा मनोरा कलंडला,
टेबलं घसरली, कबुतरं तिरकी चालू लागली,
आणि त्या सगळ्या वाकड्या चौकात
कास्तेराची मान तेवढी
जराशी सरळ वाटली.